गार्बेज कलेक्टरच्या नजरेआडची मेमरी

चाचण्यांत बिनचूक चाललेला प्रोग्राम प्रत्यक्ष वापरात अचानक कोसळतो. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी तो न कोसळता चुकीची उत्तरे देत राहतो. अशा वेळी मेमरीची एखादी नोंद राहून गेली आहे का, हे आधी तपासावे.

वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्याची पद्धत जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी शोधली आणि 1960 च्या शोधनिबंधात मांडली. गार्बेज कलेक्टर स्टॅक आणि ग्लोबल व्हेरिएबल्सपासून निघतो, पॉइंटरचा माग काढत एकेका ऑब्जेक्टवर खूण करतो आणि खूण नसलेल्यांची जागा मोकळी करतो.

वॉल्टर ब्राइट यांच्या डी भाषेत असा कलेक्टर आहे, शिवाय सी भाषेतल्या मॅलॉकने स्वतः मेमरी घेण्याची मुभाही आहे. समजा, मॅलॉककडून 8,000 बाइट घेऊन त्यांत आपण 1,000 ऑब्जेक्टचे पॉइंटर ठेवले. ही जागा कलेक्टरने दिलेली नाही, म्हणून तो तिथे पाहतच नाही. त्या ऑब्जेक्टचा पॉइंटर दुसरीकडे कुठे नसेल, तर ती त्याच्या लेखी बेवारस ठरतात. त्यांची जागा नव्या ऑब्जेक्टना मिळते आणि आपण जुन्या पत्त्यावर भलतीच माहिती वाचतो. डीमधला कलेक्टर सहसा नवी मेमरी मागितल्यावरच कामाला लागतो, त्यामुळे छोट्या चाचणीत हा दोष निसटतो.

यावर उपाय आहे डीमधले अॅडरेंज हे फंक्शन. जागेचा पत्ता आणि लांबी कळवली की कलेक्टर तीही तपासू लागतो. क्रम मात्र पाळायलाच हवा. जागा आधी शून्याने भरावी, नाहीतर तिथले जुने बाइट पॉइंटर समजले जाऊन निकामी ऑब्जेक्ट अडकून पडू शकतात. मग नोंद करावी, त्यानंतरच पॉइंटर ठेवावेत. जागा परत करण्यापूर्वी रिमूव्हरेंजने नोंद काढावी.

जावामध्ये कलेक्टर ऑब्जेक्टची जागाही बदलू शकतो. म्हणून जावाशी जोडलेल्या सीमधल्या कोडला ऑब्जेक्ट जपून ठेवायचे असेल, तर ग्लोबल रेफरन्स घ्यावा लागतो आणि काम झाल्यावर तो सोडावा लागतो.

मेमरी आपोआप सांभाळली जाते, हे खरे. पण जिची माहिती कलेक्टरला आहे, तेवढीच. म्हणून कोड तपासताना मॅलॉकच्या जागेत ऑब्जेक्टचा पॉइंटर दिसला, की नोंद करणारी आणि काढणारी, दोन्ही ओळी शोधाव्यात. एक जरी नसली, तरी तो कोड पुढे जाऊ देऊ नये.