बालगीतांची जुनी सचित्र पुस्तके दुर्मीळ का होतात?

जुन्या ग्रंथांच्या बाजारात पोथ्या मिळतात, नाटके मिळतात, शतकापूर्वीचे कोशही मिळतात. लहान मुलांच्या गाण्यांचे सचित्र पुस्तक मात्र क्वचितच हाती लागते. ते मुलांच्या हाती पडले, हेच याचे मुख्य कारण. पाने सुटेपर्यंत हाताळले जाणे आणि अखेर रद्दीत जाणे, ही अशा पुस्तकांची नेहमीची गती.

इंग्लंडमध्येही वेगळे घडले नाही. लंडनमध्ये १७४४ च्या सुमारास निघालेले 'टॉमी थम्ब्ज प्रिटी साँग बुक' हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या बालगीतसंग्रहांपैकी एक; त्याच्या अगदी मोजक्या प्रती उरल्या आहेत. पुढे एडमंड इव्हान्स या मुद्रकाने प्रत्येक रंगासाठी लाकडाचा स्वतंत्र ठसा वापरून वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ कॉल्डेकॉट व केट ग्रीनअवे यांची चित्रे छापली. ग्रीनअवे यांच्या 'अंडर द विंडो' या १८७९ मधील पुस्तकाची २० हजार प्रतींची पहिली आवृत्ती हातोहात संपली. आयोना व पीटर ओपी या दांपत्याने जमवलेली सुमारे २० हजार बालपुस्तके १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाकडे गेली.

मराठीत कविता टिकल्या, चित्रे तितकी टिकली नाहीत. दत्तकवी अर्थात द. को. घाटे १८९९ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तले. त्यांच्या रचना पुत्र वि. द. घाटे यांनी पुढे प्रसिद्ध केल्या. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेले 'आनंद' मासिक मुलांच्या पिढ्यांनी वाचले. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' १९६१ मधील. गाजलेल्या कविता पाठ्यपुस्तकांत आणि नव्या आवृत्त्यांत पुन्हा छापल्या जातात; परंतु नवी आवृत्ती बहुधा नवा चित्रकार घेऊन येते. मूळ चित्रे केवळ जुन्या प्रतीतच राहतात आणि त्यांखाली अनेकदा चित्रकाराचे नावही नसते. संग्राहक पहिली आवृत्ती शोधतो तो यासाठी.

पुस्तकावर वर्ष नसेल तर किंमत पाहावी. ती आण्यांत असल्यास पुस्तक बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचे. 'नवे पैसे' असा उल्लेख असल्यास १९५७ ते १९६४ या काळातील. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा अंकी पिन कोड असेल तर ती प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण ही पद्धत त्या दिवशी सुरू झाली. भिंगातून चित्रात सारख्या अंतराने ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर ते हाफटोन छपाईचे. शिळाछापात असे जाळे नसते.

जतन करताना सर्वाधिक हानी घरगुती दुरुस्तीने होते. चिकटपट्टीचा गोंद कालांतराने कागदात मुरून पिवळा डाग पाडतो, तर लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. गंजलेल्या तारा मात्र काढून दोऱ्याने शिवण घालणे हिताचे. पावसाळ्यात दमट हवेपासून व कसरीपासून पुस्तक जपावे लागते. पानावर मुलाने गिरवलेले नाव किंवा रंगवलेला हत्ती विक्रेत्याच्या लेखी दोष ठरतो. बालवाचनाचा इतिहास लिहिणाऱ्याला तोच पुरावा असतो, त्यामुळे तो खोडू नये.

शोधाला सुरुवात करण्यासाठी ठाणे (१८९३) व मुंबई (१८९८) येथील मराठी ग्रंथसंग्रहालये आहेत. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यानुसार मुंबई इलाख्यात प्रसिद्ध होणाऱ्या त्रैमासिक सूचींत पुस्तकाचे नाव, मुद्रक, पृष्ठे, प्रतींची संख्या व किंमत नोंदवली जात असे. एखाद्या बालगीतसंग्रहाची नोंद तेथे सापडते. पुस्तक सापडेलच असे नाही. अशी प्रत एखाद्या घरातील माळ्यावर मिळाल्यास रद्दीवाल्याकडे देण्यापूर्वी निदान मुखपृष्ठाचे, मुद्रकाच्या पानाचे व सर्व चित्रांचे छायाचित्र घेऊन ते जवळच्या ग्रंथसंग्रहालयास दाखवता येते.