मूत्रातील अफूचा शोध

बंगळूर येथील ‘निम्हान्स’ ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था १९७४ साली स्थापन झाली. तेथे व्यसनाधीन रुग्णांवरही उपचार होतात. अशा उपचारांत रुग्णाच्या शब्दाला मूत्रपरीक्षेची जोड मिळते. मात्र या परीक्षेचा अर्थ सावधपणे लावावा लागतो.

हेरॉइन शरीरात शिरताच काही मिनिटांतच त्याचे विघटन होऊ लागते. त्यापासून प्रथम मोनोॲसिटिलमॉर्फीन व नंतर मॉर्फीन तयार होते. यकृतात मॉर्फीनचा ग्लुक्युरॉनिक आम्लाशी संयोग होऊन ते मूत्रावाटे बाहेर पडते. म्हणून प्रयोगशाळेत प्रथम आम्लाने किंवा विकराने हा संयोग तोडतात. मग मूत्र किंचित अल्कधर्मी करून मॉर्फीन सेंद्रिय विद्रावकात उतरवून घेतात.

जुन्या पद्धतीत या अर्काचा थेंब सिलिका जेलचा पातळ थर दिलेल्या काचेवर ठेवतात. विद्रावक थरातून वर चढताना निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या उंचीवर थांबतात. आयोडोप्लॅटिनेट फवारले की मॉर्फीनचा निळसर जांभळा ठिपका उमटतो. प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी याहून जलद होते, पण ती मॉर्फीन कोठून आले हे सांगू शकत नाही.

येथेच खरी अडचण उद्भवते. कर्नाटकात सणासुदीला ‘गसगसे पायस’ म्हणजे खसखशीची खीर करतात. खसखस हे अफूच्याच झाडाचे बी असून त्यात मॉर्फीनचा अल्पसा अंश असू शकतो. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधापासूनही शरीरात थोडे मॉर्फीन बनते. या कारणाने अमेरिकेत नोकरीविषयक चाचण्यांची मर्यादा १९९८ मध्ये मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० पर्यंत वाढविण्यात आली. उलट, उपचारात दिले जाणारे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या चाचणीत सहसा आढळत नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र परीक्षा लागते.

म्हणून होकारार्थी नमुना वायू-वर्णलेखन व वस्तुमान-वर्णपटमापन यांच्या संयुक्त उपकरणाने पुन्हा तपासणे आवश्यक ठरते. त्यात मोनोॲसिटिलमॉर्फीन सापडले तर हेरॉइन घेतल्याचे सिद्ध होते, कारण खसखशीपासून ते बनत नाही. परंतु ते मूत्रात एक दिवसही टिकत नाही. त्याच्या अभावावरून कोणी निर्दोष ठरत नाही. पहिली चाचणी केवळ संशय दर्शविते. तिच्याच आधारे रुग्णाला खोटा ठरविणे म्हणजे खिरीच्या वाटीसाठी त्याला शिक्षा देण्यासारखे होईल.