एकच गिऱ्हाईक गेलं आणि जुनी द्राक्षं परत आली

तुमचा निम्म्याहून जास्त माल एकच पार्टी उचलते का? मग व्हिडिओत घाईत सांगितलेली जॉर्जियाची गोष्ट इथे नीट वाचा. (अमेरिकेतलं राज्य नाही हां, रशियाशेजारचा देश.)

तिथे सुमारे ८,००० वर्षांपासून वाइन होते. द्राक्षाच्या देशी जाती ५०० च्या वर. पण सोव्हिएत काळात कारखान्यांना हवा होता ढीगभर, एकसारखा माल, म्हणून र्कात्सितेली, सापेरावी अशा मोजक्याच जातींवर भर राहिला. १९८५ पासूनच्या दारूविरोधी मोहिमेत कितीतरी बागा उपटल्या गेल्या. देश स्वतंत्र झाला, तरी मोठं गिऱ्हाईक रशियाच. २००६ मध्ये रशियाने आयातच बंद केली. संपलं मार्केट!

मग छोट्या लोकांनी घरातली जुनी पद्धत बाहेर काढली : क्वेव्री. म्हणजे अंड्याच्या आकाराचा मातीचा मोठा रांजण, आतून मधमाशीचं मेण लावलेला, तोंडापर्यंत जमिनीत पुरलेला. द्राक्षं ठेचायची आणि रस, सालं, बिया, कधी देठांसकट आत टाकायची. बाहेरचं यीस्ट नाही. थंडावा जमीनच देते, त्यामुळे कूलिंगचं बिल नाही. पांढऱ्या द्राक्षांचीही वाइन अशी पाच-सहा महिने सालींवर राहून मधासारख्या रंगाची होते. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत वारसा यादीत घेतली.

इयागो बितारिश्विली यांनी चार्दाखी गावात चिनुरी ही एकच जात धरली. सिघनाघीत २००७ मध्ये अमेरिकन चित्रकार जॉन वुर्डमन आणि स्थानिक शेतकरी गेला पटालिश्विली यांनी ‘फेझंट्स टिअर्स’ सुरू केलं, आणि विसरलेल्या जाती पुन्हा लावल्या.

आता हिशोब. एक टन द्राक्षांपासून साधारण ६०० ते ७०० लिटर वाइन, म्हणजे ८०० ते ९०० बाटल्या. एवढ्याशा मालात स्वस्त विकून भागत नाही. जातीचं आणि गावाचं नाव लेबलवर लागतं, तेव्हाच भाव मिळतो. शिवाय शरद ऋतूत अडकलेला पैसा वसंतात रांजण उघडल्यावरच मोकळा व्हायला लागतो. आणि रांजण नीट धुतला नाही तर हातात व्हिनेगर! मोठ्या रांजणात माणूस उतरून घासतो. ‘नॅचरल’ म्हणजे कमी कष्ट, असं समजू नका.

(आणि हो, आपल्याकडे उत्पादन शुल्क विभागाच्या लायसन्सशिवाय वाइनच्या धंद्यात हात घालायचा नाही.)

आता वही काढा. मागच्या वर्षाची विक्री गिऱ्हाईकवार लिहा आणि पहिल्या नावापुढे किती टक्के येतात ते बघा. तो आकडा घेऊनच पुढच्या व्हिडिओला बसा.