थंडी आली, सावली लांबली

गासच्या वाड्यांत पहाटे दव पडू लागलं, की माझ्या पहिलीच्या वर्गात हिवाळ्याचा पाठ सुरू होतो. एका वर्षी मी विचारलं, 'हिवाळ्यात काय होतं?' स्वेटर, शेकोटी अशी उत्तरं आली. एक मुलगी मात्र गप्प. तिला येत नाही, असं मी धरून चालले. खरं तर तिच्या घरी कादोडी बोलतात. उत्तर तिच्याकडे होतं, पुस्तकी शब्द नव्हते. चूक माझी होती.

आता आम्ही आधी अंगणात जातो. मुलं केळीच्या पानावरचं दव बोटानं पुसतात, घरून आणलेले वाल दहा-दहा मोजून मांडतात. २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी साडेबाराला सुतळीनं सावली मोजतात. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून सावली जवळजवळ मुलाच्या उंचीइतकी भरते. मेच्या मध्यावर तीच भर दुपारी पायाखाली दडते. पाहिलेलं आधी घरच्या बोलीत सांगायचं, मग मराठी शब्द फळ्यावर.

त्या अंगणात तीच मुलगी सर्वांआधी बोलली. पालकहो, मूल गप्प असलं, तर आधी त्याच्या बोलीत विचारून पाहा.