भिंतीवरची पेटी आणि शेजारधर्म

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. ते जसे पाण्याविषयी खरे आहे तसेच प्राणाविषयीही खरे आहे. आज आम्ही वाचक बंधुभगिनींपुढे एका दूरच्या देशाची हकीकत ठेवीत आहोत. देश जर्मनी, आणि विषय अचानक बंद पडणाऱ्या हृदयाचा. देश दूरचा आहे म्हणून कोणी पान उलटू नये. ही हकीकत शेवटी आपल्याच मंदिराच्या अंगणात येऊन थांबते.

जर्मनीत रेल्वे स्थानकावर, बँकेच्या दर्शनी दालनात, नगरपालिकेच्या इमारतीत, खेळाच्या मैदानाशेजारी भिंतीला लावलेली एक लहानशी पेटी दिसते. जवळच हिरवी पाटी असते. पाटीवर पांढरे हृदय आणि त्या हृदयात विजेची खूण. म्यूनिक शहराच्या भुयारी रेल्वेतही अशा पेट्या आहेत. या यंत्राचे नाव डिफिब्रिलेटर. तिकडचे लोक थोडक्यात 'डेफी' म्हणतात. ते वापरण्यास डॉक्टर असावे लागत नाही. जो जवळ असेल त्याने पेटी उघडावी आणि यंत्र सांगेल तसे करावे. जी वस्तू पूर्वी इस्पितळात डॉक्टरांच्याच हाती असे ती रस्त्यावर कशी आली, हे समजून घ्यायचे तर आधी एका मुलाची गोष्ट ऐकली पाहिजे.

आठ वर्षांचा ब्यॉर्न

स्टुटगार्ट हे शहर आपल्या मराठी माणसांना अगदीच परके नाही. 1968 पासून ते मुंबईचे भगिनी-शहर आहे, आणि भारताच्या रस्त्यांवर टाटांचे जे पहिले ट्रक धावले ते याच शहरातील डायम्लर-बेंझ कंपनीशी 1954 साली झालेल्या करारातून निघाले. या स्टुटगार्टच्या जवळ विनेन्डन नावाचे एक लहान गाव आहे. 3 मे 1969 रोजी तेथे ब्यॉर्न स्टायगर नावाचा आठ वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावावरून घरी परतत असताना त्याला मोटारीची धडक बसली. लोक धावले. पोलिसांना आणि रेड क्रॉसला ताबडतोब टेलिफोन केले. पण रुग्णवाहिका यायला जवळजवळ एक तास लागला. ब्यॉर्न इस्पितळाच्या वाटेवरच गेला. त्याचा प्राण जखमांनी गेला नाही. वेळेवर उपचार न मिळाल्याने शरीराला जो धक्का बसतो, त्याने तो गेला.

आईबाप काय करणार? रडणार, आणि नशिबाला दोष देऊन गप्प बसणार. उटे आणि झीगफ्रीड स्टायगर हेही रडले असतील. पण ते गप्प बसले नाहीत. मुलगा जाऊन पुरते दहा आठवडेही झाले नव्हते, तोच 7 जुलै 1969 रोजी त्यांनी स्नेह्यांना जमवून मुलाच्या नावाने एक संस्था स्थापन केली. झीगफ्रीड हे व्यवसायाने वास्तुरचनाकार. वैद्यकशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी एकच प्रश्न हाती घेतला: मदत उशिरा का आली?

शोध घेता घेता त्यांना दिसले की या श्रीमंत, शिस्तीच्या देशात संकटकाळी फिरवायचा एकच क्रमांक सगळीकडे चालत नव्हता. रुग्णवाहिकांत बिनतारी यंत्रे नव्हती. रस्त्यांच्या कडेला टेलिफोन नव्हते. संस्थेने देणग्या गोळा करून हे सर्व उभे करण्यास सुरुवात केली. संकटकालीन क्रमांकासाठी तर झीगफ्रीड यांनी सरकारवर दावा लावला. कोर्टात ते हरले, पण वर्तमानपत्रांनी तो विषय घरोघर नेला. अखेर 20 सप्टेंबर 1973 रोजी देशभर 110 आणि 112 हे क्रमांक लागू करण्याचा निर्णय झाला. त्यांतील 112 हा क्रमांक आज साऱ्या युरोपीय संघात चालतो. एका घरचे दुःख किती लोकांच्या उपयोगी पडले, याचा वाचकांनीच विचार करावा.

हृदय बंद पडते तेव्हा

टेलिफोन लागला, गाडी निघाली, तरी एक प्रश्न उरलाच. चांगल्यात चांगली गाडीसुद्धा पोहोचायला आठ-दहा मिनिटे घेते. खेड्यात त्याहून जास्त. आणि हृदय बंद पडलेल्या माणसापाशी तेवढा वेळ नसतो.

येथे एक भेद सांगणे आवश्यक आहे. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन गोष्टी आपण बोलताना एक करून टाकतो. झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबणे. अशा माणसाच्या छातीत कळ येते, घाम सुटतो, पण तो शुद्धीवर असतो, बोलतो. हृदय बंद पडणे ही पुढची अवस्था. कधी ती झटक्यातूनच ओढवते. हृदयातील विजेचा ताल बिघडतो, हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही. माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. तीन ते पाच मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. काहीच केले नाही तर दर मिनिटाला जगण्याची आशा शेकडा सात ते दहांनी घटत जाते.

यावर उपाय दोनच, आणि ते बरोबरीने करायचे. पहिला उपाय दोन हातांचा: छातीच्या मधोमध तळहात ठेवून, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबणे. त्याने मेंदूकडे थोडेतरी रक्त जात राहते. ही युक्तीही मुळात जर्मनीतलीच. गटिंगन येथील फ्रीड्रिख मास या शल्यवैद्याने 1891 च्या सुमारास अशी छाती दाबून रोगी शुद्धीवर आणल्याची नोंद आहे. पुढे जग ती विसरले आणि 1960 साली अमेरिकेत ती नव्याने सापडली.

दुसरा उपाय विजेचा. योग्य प्रमाणात धक्का दिला की थरथर थांबते आणि हृदयाला पुन्हा आपला ताल धरण्याची संधी मिळते. 1965 साली बेलफास्टचे डॉक्टर फ्रँक पँट्रिज यांनी असे यंत्र प्रथम रुग्णवाहिकेत बसवले, तेव्हा त्याचे वजन सुमारे 70 किलो होते. आज ते एका हाताने उचलता येते. दोन चिकटपट्ट्या उघड्या छातीवर चित्रात दाखवल्याप्रमाणे लावायच्या. मग यंत्र स्वतःच हृदयाचा ताल तपासते, आणि धक्का द्यायचा की नाही हे तेच ठरवते. गरज नसेल तर कोणी कितीही बटण दाबले तरी ते धक्का देत नाही. म्हणून 'आपल्या हातून काही भलतेच झाले तर' ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

पेट्या आल्या, माणसे कोठे होती?

स्टायगर दांपत्याच्या संस्थेने 2001 पासून या यंत्रांचा प्रसार हाती घेतला. हजारो पेट्या बसल्या. काही नगरपालिकांनी दिल्या, काही बँकांनी, काही गावोगावच्या क्रीडा-मंडळांनी आणि स्वयंसेवी अग्निशामक दलांनी. पण जर्मनांची खरी शिकवण पुढेच आहे, आणि ती त्यांच्या चुकांतून आलेली आहे.

पुष्कळ पेट्या अशा इमारतींत लागल्या की रात्री दाराला कुलूप. कोणती पेटी कोठे आहे याची देशभरची एकच पुरी यादी वर्षानुवर्षे झाली नाही. शिवाय हृदय बंद पडण्याच्या बहुसंख्य घटना स्थानकावर नव्हे, तर घरात घडतात: स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, झोपेच्या खोलीत. तेथे भिंतीवर पेटी नसते. तेथे असते बायको, मुलगा, सून, शेजारी.

आणि ही माणसे काय करीत? 2010 च्या सुमारास, ज्यांचे हृदय घराबाहेर वा घरात, पण इस्पितळात नसताना, बंद पडले त्यांतील पाचांपैकी जेमतेम एकावर जवळच्या माणसाने गाडी येण्यापूर्वी उपचार सुरू केलेला असे. ही गोष्ट अशा देशातली, जेथे मोटार चालवण्याचा परवाना प्रथमोपचाराचे शिक्षण घेतल्याशिवाय मिळत नाही, आणि जेथे अडचणीतल्या माणसाला शक्य असून मदत न करणे हा कायद्याने गुन्हा आहे. एकदा शिकून विसरलेली विद्या आणि नुसता कायद्याचा धाक यांनी हात पुढे होत नाहीत, हे यातून दिसले.

मग त्यांनी तीन सोपे शब्द धरले: तपासा, बोलवा, दाबा. 2013 पासून दर वर्षी सप्टेंबरात एक सप्ताह या शिक्षणासाठी पाळला जातो. चौकात रबरी पुतळे मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना छाती दाबायला शिकवतात. 2014 साली राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शिफारस केली की सातव्या इयत्तेपासून मुलांना वर्षातून दोन तास हे शिकवावे. सर्व राज्यांनी ती सारख्याच उत्साहाने पाळली असे नाही. ग्यूटर्सलो जिल्ह्यात 2013 साली एक नवी रीत सुरू झाली. संकटाचा टेलिफोन आला की रुग्णवाहिकेबरोबरच जवळपास असलेल्या शिक्षित स्वयंसेवकाच्या मोबाइलवरही निरोप जातो, आणि तो गाडीच्या आधी पोहोचतो. पुढे इतर जिल्ह्यांनीही ती उचलली.

या साऱ्याचे फळ म्हणजे पाचांत एक हे प्रमाण अलीकडे निम्म्याच्या आसपास गेले आहे. तरीही इस्पितळाबाहेर हृदय बंद पडलेल्या आणि उपचार झालेल्या दहा माणसांपैकी साधारण एकच बरा होऊन घरी परततो. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण कोणाला खोटी आशा देणे योग्य नव्हे. पण तो एक कोणाचा तरी बाप असतो, कोणाची तरी आई असते.

दोरीवरच्या उड्या आणि वर्गणी

हृदयाच्या कामी जर्मनीत आणखी एक मोठी संस्था आहे: 1979 साली फ्रँकफुर्ट येथे स्थापन झालेली जर्मन हृदय प्रतिष्ठान. तिचे एक लाखाहून अधिक सभासद आहेत. वर्गणी, देणग्या आणि मृत्युपत्राने ठेवलेल्या रकमा यांवर ती चालते. रोग्यांना सोप्या भाषेत माहिती देणे, संशोधनास पैसा पुरवणे, दर नोव्हेंबरात हृदयाविषयी देशभर व्याख्याने भरवणे ही तिची कामे. शाळांतील मुलांना ती दोरीवरच्या उड्या शिकवते! वाचकांना हसू येईल, पण विचार केला तर यात शहाणपण आहे. ज्या मुलाला धावण्या-उड्या मारण्याची गोडी लागली, त्याचे हृदय पन्नाशीत त्याचे आभार मानील.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण जर्मन भाषेत आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. तिकडच्या सामान्य माणसांनी ती आचरणात आणली आहे.

आता आपल्या अंगणात

समजा, गणेशचतुर्थीचा दिवस आहे. मंदिराबाहेर मांडव घातला आहे, आरती चालू आहे, झाकरीवाले तयार आहेत. गर्दीत एक आजोबा खाली कोसळतात. कोणी पाणी शिंपडतो, कोणी कांदा आणायला धावतो, कोणी म्हणतो मोटार काढा. पाच मिनिटे अशीच जातात. हे चित्र आम्ही कल्पनेने रंगवले, पण अशा प्रसंगी काय होते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

आपल्या मॉरिशसमध्ये प्रौढांपैकी पाचांत सुमारे एकास मधुमेह आहे, आणि मधुमेह हृदयाला सुखाने राहू देत नाही. पाम्प्लेमूस येथे हृदयरोगाचे केंद्र आहे, 114 क्रमांकावर 'सामू'ची गाडी मिळते. ही आपली मोठी पुण्याई आहे. पण कोसळलेल्या माणसापासून त्या गाडीपर्यंतची मिनिटे सरकार भरून काढू शकत नाही. ती मिनिटे आपली आहेत.

म्हणून प्रत्येक मंडळाला आणि मंदिर-समितीला आमची नम्र सूचना अशी. वर्षातून एक संध्याकाळ छाती दाबण्याच्या शिक्षणासाठी ठेवावी. जाणकार डॉक्टर किंवा परिचारिका प्रत्येक गावच्या मराठी कुटुंबांत सापडेल. स्त्रियांनी आणि शाळकरी मुलांनी अवश्य यावे, कारण घरात प्रसंग आला तर बहुधा तीच जवळ असतात. 114 हा आकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावा. शक्य झाल्यास चार मंडळांनी मिळून एक यंत्र घ्यावे. मात्र ते कुलपात ठेवू नये, आणि त्याची बॅटरी व चिकटपट्ट्या मुदतीत आहेत ना, हे महिन्यातून एकदा पाहण्याचे काम एका माणसाच्या नावाने नेमून द्यावे. यंत्राला पैसे जमले नाहीत तरी शिक्षण थांबवू नये. हात तर फुकटच मिळाले आहेत.

ब्यॉर्न स्टायगरच्या आईबापांना आपला मुलगा परत मिळाला नाही. जे मिळाले ते इतरांच्या मुलांना. आपल्या गावात अशी वेळ कोणावर येण्याआधीच विहीर खणून ठेवू. येत्या चतुर्थीपूर्वी कोणत्या मंडळाने ही संध्याकाळ ठेवली ते आम्हांस अवश्य कळवावे; या पानावर ते आनंदाने छापू.