आधी पागा, मग खोगीर

एप्रिल-मेच्या सुट्टीत शहरातल्या मुलांसाठी घोडेस्वारीची शिबिरं भरतात. त्यांच्या जाहिरातीत हमखास फोटो असतो तो घोड्यावर ताठ बसलेल्या मुलाचा. पण या शिबिरातून मुलाला जे मिळायचं, त्याचा मोठा भाग खोगिरावर चढण्याआधीच मिळतो, असं माझं ठाम मत आहे. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही दचकून पळण्याचा त्याचा स्वभाव गेलेला नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. दिसत नाही ते कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं. म्हणून त्याच्याजवळ जायचं ते खांद्याच्या बाजूनं, हळू बोलत. कान पुढे वळले तर त्याचं तिकडे लक्ष आहे, मागे चपटे झाले तर तो चिडला आहे. खरारा करताना, खुरातले खडे काढताना, चंदी घालताना मूल हे वाचायला शिकतं. ओरडून किंवा हट्ट करून इथे काही साधत नाही, आणि हे मुलाला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

याला जोड हवी मोकळ्या रानाची. माथेरान 2003 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तिथे खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात; पुढे लाल मातीच्या वाटेनं पायी किंवा घोड्यावरून जाता येतं. त्या संथ चालीत जांभळाचं झाड, माकडांची टोळी, दरीवर घिरट्या घालणारी घार नजरेतून सुटत नाही. उघड्यावर राहण्याचा शरीरालाही फायदा होतो. चीनमधल्या ग्वांगझौच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त वेळ बाहेर नेलं गेलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे 30 टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर इतर मुलांत हे प्रमाण सुमारे 40 टक्के होतं. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात घोडे नव्हते, हे खरं. पण मुलांना दिवसाउजेडी बाहेर काढायला तेवढं कारण पुरेसं आहे.

पडण्याची भीती खोटी नाही. हनुवटीखाली पट्टा बांधलेलं हेल्मेट, रिकिबीत अडकणार नाहीत असे टाचेचे बूट आणि शेजारी जाणता मोतद्दार, यांत तडजोड नको. स्वारी महागही आहे. ती परवडत नसेल तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान किंवा पुण्याची वेताळ टेकडी आहेच; पहाटेची रानवाट कमी शिकवत नाही. सगळ्यात गंभीर आक्षेप आहे तो घोड्याच्या हालांचा. लहान मुलाचं वजन त्याला जड होत नाही. जीव जातो तो भर उन्हात, पाण्याविना घातलेल्या फेऱ्यांनी आणि पाठीवरच्या जखमेवरच कसलेल्या खोगिरानं. यावर स्वारी बंद करणं हा एक उपाय झाला, पण घोड्यांवर पोट असलेल्या कुटुंबांचं मग काय करायचं? ज्यानं स्वतः खरारा केला आहे त्या मुलाला ती जखम दिसते, आणि उद्याचं गिऱ्हाईक तेच मूल असणार आहे.

म्हणून पालकांना एकच विनंती: फी भरण्याआधी एकदा भर दुपारी पागेत जा. सावली आणि पाणी आहे का पाहा, खोगीर उतरवायला सांगून पाठ बघा. दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर मुलाला तिथे पाठवू नका.