बेरिंगची गाडी

शर्यत म्हटली की आपल्या वऱ्हाडात शंकरपट आठवतो. परंतु ज्यांच्या दारी बैलजोडी नाही, त्या पोरांचीही एक शर्यत आहे : बेरिंगच्या गाड्यांची. तिला लागते एक फळी, करवत, हातोडी, खिळे आणि गॅरेजवाल्याने टाकून दिलेली तीन बेरिंगे.

बेरिंगवर समजा ६२०५ हा आकडा कोरलेला आहे. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणावे. २५ मिलिमीटर हे आतल्या कड्याचे छिद्र. तेवढा जाड लाकडी आस तासून त्यात ठोकला की आतले कडे घट्ट बसते. बाहेरचे कडे फिरते, तेच चाक. मागे दोन, पुढे एक. पुढचे चाक आडव्या लाकडात बसवून ते लाकूड एका बोल्टवर फिरते ठेवतात. पाय रेटला की गाडी वळते.

गाडी पळते कशी? दोन कडी एकमेकांवर घासत नाहीत. मधले छर्रे लोळतात, आणि लोळण्याला होणारा विरोध घासण्यापेक्षा फारच कमी असतो. म्हणून जाणती पोरे आधी जुने, घट्ट झालेले ग्रीस डिझेलने धुऊन काढतात व हलके तेल सोडतात.

आता धोक्याचे गणित. घर्षण न धरता १ मीटर खाली उतरलेली गाडी ताशी सुमारे १६ किलोमीटर वेग घेते. ४ मीटर उतरली तर ३२. वेग दुप्पट, पण थांबायला अंतर चौपट! ब्रेक म्हणजे बहुधा चपलेची टाच. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणाऱ्या राजूर घाटासारख्या वाहत्या रस्त्यावर हा खेळ जिवावरचाच.

अमेरिकेत पोरांच्या अशाच घरगुती गाड्यांची राष्ट्रीय शर्यत १९३४ साली डेटन येथे झाली. १९३५ पासून ती अॅक्रन येथे भरू लागली. तिकडचे सुतार तर लाकूड घासायची पट्ट्याची यंत्रेच लाकडी पन्हळीतून पळवतात! कोलंबियात आपल्यासारखीच बेरिंगची गाडी आहे.

तिकडे या खेळाला नियम मिळाले. आपल्याकडे पाठीत धपाटा मिळतो. वस्तुतः माप, घर्षण, वेग हे सारे ही पोरे पुस्तक उघडण्यापूर्वीच हाताने शिकतात. तेव्हा एक सूचना : पुढील स्नेहसंमेलनात वाहतूक बंद असलेल्या छोट्या उतारावर ही शर्यत ठेवावी. डोक्यावर हेल्मेट, गाडीला खरा ब्रेक आणि शेवटी गवताच्या गंजीचा बांध, एवढ्या तीन अटी पुरेत. परीक्षक म्हणून मात्र एखाद्या गॅरेजच्या मिस्त्रीलाच बोलवावे.